बेटावर दहावा नको

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं म्हणाल, तर विकतचं टरबूज खाल्लं.

टेम्पोवाला भोंगा लावून गावात आला होता. कुठल्या रानातलं, कसली औषधं मारलेलं, देव जाणे. तिनं एक उचललं, हातावर तोललं, बोटानं वाजवलं, कान लावला आणि तोंड वाकडं करत घेतलं. तिन्हीसांजेला ओसरीवर विळी घेऊन बसली. आतून लाल होतं, खोटं कशाला बोलू. पण तोंडात घातलं की नुसतं पाणी. ती बी अंगणात थुंकली आणि म्हणाली, "गंगेकाठच्या माणसानं टरबूज इकत घ्यावं! यापरीस गाव सोडून जावं."

"तूच घेतलंस की."

"मग काय करू? तोंडाला कोरड पडली. तुमच्या गंगेत आता काय राहिलंय, ट्रॅक्टर. ट्रॅक्टर चिरून खाऊ का?"

अर्धं उरलं. ते तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलं. म्हणाली, "सकाळी बेटावर नेते. लेकरं उन्हात बसत्यात."

सकाळी ती उठली नाही. कशानं गेली ते मला विचारू नका. डॉक्टरनं काहीतरी नाव सांगितलं, मी ध्यानात ठेवलं नाही. नाव कळून काय ती उठून बसणार होती?

आमच्याकडं गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही. गंगा म्हणतात. गंगाखेडच्या खाली ती एक वळण घेते, त्या वळणावर आमचं गाव. दिवाळी झाली की पाणी उतरायचं आणि वाळू वर यायची. किती वाळू म्हणता! सकाळी दवानं भिजलेली, तळपायाला गार. दुपारी तीच अशी तापायची की ज्वारी टाकली तर लाह्या फुटाव्यात. त्या वाळूत गावातली आठ-दहा घरं वाड्या लावायची. आमचंही त्यातलं एक. वाडी म्हणजे टरबुजाची, खरबुजाची, काकडीची बाग, नुसत्या वाळूत. चर खोदायचा, ओल लागली की शेणखत भरायचं, त्यात बी लावायचं. वाऱ्यानं वाळू उडून कोंब गाडले जाऊ नयेत म्हणून तुराट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा, आडोसा रोवायचा. बी ती ओल्या चिंधीत बांधून चुलीच्या उबेला ठेवायची आणि दर सकाळी गाठ सोडून बघायची.

"आलं का?" मी विचारायचो.

"डोळा उघडलाय. पाय यायचाय," ती म्हणायची. लेकरू असल्यासारखं. आम्हाला लेकरू झालं नाही. झालं नाही तर झालं नाही, त्याचं रडगाणं मी कधी गायलो नाही, तिनंही नाही.

तहान लागली की जागच्या जागी वाळू उकरायची. हातभर खाली झिरा लागायचा. आधी गढूळ, मग हळूहळू निवळ. वाकून ओंजळीनं प्यायचं. त्या पाण्याला एक वास होता. भिजल्या वाळूचा, मुळ्यांचा, जरासा मासळीचा. मी परभणीला बाटलीतलं पाणी प्यायलोय, लग्नात जारचं प्यायलोय. त्याला वासच नसतो. ज्या पाण्याला वास नाही ते पाणी कुठलं आहे हे कसं कळावं माणसाला?

फळ धरलं की सगळी वाडी वासानं भरायची. खरबुजाचा वास लपत नाही. कोल्हे यायचे, पिकलेलं तेवढंच फोडून खायचे, कच्च्याला तोंड लावायचे नाहीत. ती चिडायची, "मेल्याला माझ्यापरीस जास्त कळतं." पहिलं फळ मात्र कोणी खायचं नाही. पहिलं फळ गंगेचं. हळदकुंकू लावून, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ती ते सोडून द्यायची. फळ डुबकी मारायचं, वर यायचं, गोल गोल फिरत निघायचं. खालच्या अंगाला गावची पोरं आधीच टपून बसलेली असायची. त्यांनी फळ धरायचं, दगडावर आपटून फोडायचं, आणि लाल तोंडानं पळायचं. ती काठावरून लटके हात उगारायची आणि मला म्हणायची, "गंगाच खायली. तिला का सोताचं तोंड हाय?"

वाड्यांच्या पलीकडं, वाळूच्या उंचवट्यावर, ती पाखरं असायची. करडं अंग, डोक्यावर काळी टोपी, चोच हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी. शेपूट मागं दोन फाट्यांची. आमच्यात त्यांना नाव नव्हतं. गंगेवरची पाखरं, बस. उन्हाळ्यात उघड्या वाळूवर अंडी घालायची. ना काडी, ना कचरा, नुसता एक खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची, पाय पडेपर्यंत दिसायची नाहीत. म्हणून आमची एक रीत होती. अंडी दिसली की शेजारी एक तुराटी रोवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला खूण म्हणून. माझ्या बापानं रोवली, मी रोवली, तिनं रोवली. पुण्याचं काम केलं असं वाटायचं.

आज त्या काठावर उभा राहतो तर डिझेलचा वास येतो. वाळू होती तिथं खड्डे आहेत, माणूस उभा बुडेल असे. त्यात हिरवं पाणी साचलंय, वर जलपर्णी, त्यात म्हशी. वाड्या केव्हा बंद पडल्या म्हणून कोणी विचारतं. केव्हा म्हणजे काय? एका साली चर खोदला आणि खाली ओलच लागली नाही, चिकण माती लागली. वाळूच नाही तर वाडी कशात लावता? ती वाळू कुठं गेली ते आंधळ्यालाही ठाऊक आहे. गावात ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभे असतात त्याला सगळे नाना म्हणतात. मीही म्हणतो. नाना म्हणावं लागतं.

एक बेट तेवढं राहिलं. खड्ड्यांच्या पलीकडं धार वाहते, गुडघ्याएवढी, आणि धारेच्या पलीकडं ते बेट. कुणाच्या पुण्याईनं राहिलं असं समजू नका. मधे गाळ आहे, ट्रॅक्टर रुततो, म्हणून राहिलं. गंगेवरची सगळी पाखरं तेवढ्या तुकड्यावर येऊन दाटली.

दोन उन्हाळ्यांपूर्वी लेकरं आली. आमच्याच आणि शेजारच्या गावची, गंगाखेडला कॉलेजात जाणारी, पाच-सहा जणं. त्यांत पुढं असायची प्रतीक्षा, बौद्धवाड्यातल्या शिलाईवाल्याची लेक, बारीक, चष्म्याची, बोलली की थांबत नाही अशी. आणि इरफान, वेल्डिंगच्या दुकानातला, बोलायला लावलं तरी न बोलणारा. यांना कोणी पगार देत नाही, कोणी पाठवलेलं नाही. सकाळी येऊन बेटाच्या टोकाला ताडपत्री बांधून बसायचं, कुत्री हाकायची, कावळे हाकायचे, मासे धरणाऱ्यांना सांगायचं की भाऊ, तिकडून जा. दुपारच्या बसनं कॉलेज. लोक हसायचे. "पाखराचे राखणदार" म्हणायचे. एकानं तर विचारलं, "अंड्याचं आमलेट कधी करताव?" प्रतीक्षा म्हणाली, "तुमच्या लग्नाची पत्रिका आली की." तो पस्तिशीचा, बिनलग्नाचा.

आमची ही त्यांच्यात कशी गेली ते मलाही नीट कळलं नाही. एक दिवस भाकरी घेऊन गेली, मग रोजच जायला लागली. तिनं पहिल्या दिवशी आपली रीत दाखवली, तुराट्या घेऊन गेली आणि अंड्याजवळ रोवायला लागली. लेकरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी इरफाननं तोंड उघडलं, "आजी, त्या काडीवर कावळा बसतो. बसून बघतो, अंडं कुठं हाय."

ती काडी हातात धरून उभीच राहिली. मग इतकी हसली की वाळूत बसली. घरी येऊन मला म्हणाली, "आयकलं का? जिंदगीभर आपण कावळ्याला पाटावर बसवून वाढलं." मग सगळ्या तुराट्या उपटून आणून चुलीत घातल्या. दुसरी बाई असती तर लेकरांना म्हणाली असती, आम्हाला शिकवता का. ही म्हणाली, "बरं झालं सांगितलं."

त्या पाखरांचं नाव नदीसुरय आहे हे तिला लेकरांकडून कळलं. दिवसभर घरात तेच. "आज सुरयचा नवरा मासा घिऊन आला, बायकोनं घेतलाच न्हाई, तो तसाच उभा, तुमच्यासारखा." आणखी एक गोष्ट तिनं मला चारदा सांगितली. दुपारी ऊन चढलं की ते पाखरू पाण्यावर जातं, पोट बुडवतं, तसंच ओल्या पोटानं येतं आणि अंड्यावर बसतं. अंडं गार राहावं म्हणून. "पदर भिजवून लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसं," ती म्हणायची आणि आपला पदर दाखवायची.

आणि नाना? नानानं गेल्या साली शाळेच्या पटांगणात कार्यक्रम घेतला. या लेकरांना बोलावलं, हार घातले, फोटो काढले. प्रत्येकाला एकेक टोपी दिली. पांढरी, पुढं छापलेलं नाव कुणाचं? नानाचं. म्हणजे लेकरांनी नानाच्या ट्रॅक्टरपासून वाळू राखायची ती नानाच्या टोप्या घालून! मी त्या दिवशी उठून गेलो. ती नाही उठली. म्हणाली, "टोपी टोपी असती. ऊन तर लागत न्हाई." तिनंही एक मागून घेतली होती आणि डोक्यावर उलटी घालून बसायची, नाव मागं.

ती गेली त्या सकाळी मी ओरडलो की नाही आठवत नाही. एवढं आठवतं, पहिल्यांदा घरात शिरली ती प्रतीक्षा. आजी भाकरी घेऊन का आली नाही म्हणून बघायला आली होती. शेजारच्या बाया यायच्या आधी पोरगी तिच्या पायाशी बसली होती, पाय धरून. इरफाननं लाकडं आणली. अग्नी मीच दिला, दुसरं कोण होतं. माठाजवळचं टरबूज संध्याकाळी कोणीतरी गाईला घातलं.

मग लोक बोलायला लागले. लोकाला काम काय असतं! "म्हातारीला उन्हात बसवून बसवून मारली पोरांनी." "पाखरापायी बाई गेली." अरे, जी बाई उन्हात जन्मली, ज्या बाईनं भर वैशाखात वाळूवर वाडी राखली, तिला तुम्ही ऊन शिकवता? तिच्या मरणाचं खापर फोडायला तुम्हाला ती पाच लेकरं सापडली? ज्यांनी गंगा खरवडून खाल्ली त्यांच्या अंगणात बसून चहा पिता, आणि बोट दाखवता ते उपाशी उन्हात बसणाऱ्या पोरांकडं. लेकरांनी घरी यायचं बंद केलं. का येणार?

दहाव्याला चार-पाच दिवस असतील, नाना घरी आला. पांढरे कपडे, मागं दोन माणसं. माझा मेव्हणा किसन, तिचा भाऊ, दाराशी बसला होता, तो उठून उभा राहिला.

"आबा, आजी म्हणजे गावाची माय होती," नाना म्हणाला.

याच माणसाच्या ड्रायव्हरनं गेल्या साली तिला "ए म्हातारे, सरक" म्हणून काठावरून हटवलं होतं.

"दहाव्याची काळजी करू नका. आमच्या गावचा दहावा वाहत्या पाण्याला होतो, वाळूवर होतो. आता वाहतं पाणी बेटालाच हाय. बेटावर करू. पण पाव्हणेरावळे, म्हाताऱ्या बाया, चिखलातून कशा जातील? मी मुरूम टाकून रस्ता करून देतो. दोन दिवसाचं काम. एक रुपया नको."

किसननं हात जोडले. "लय उपकार झाले, नाना. तुमच्यासारखा माणूस न्हाई."

आता खरं बोलतो, त्या घडीला मलाही बरं वाटलं. तिचा दहावा तिच्या बेटावर. तिला आवडलं असतं असं मनात आलं.

दुपारी प्रतीक्षा आली. आली म्हणजे दाराबाहेर उभी राहिली. इरफान लांब, गल्लीच्या तोंडाशी गाडीवर बसलेला.

"आत ये की," मी म्हणालो.

"नको आबा. इथंच बरं हाय."

"कामून?"

"लोक म्हणायलेत, आमच्यामुळंच आजी..."

"लोकाच्या तोंडात शेण. आत ये, च्या टाक. मलाबी दे."

तिनं चहा केला. गुळमट, तोंड चिकटेल असा. मी तिच्याकडं बघितलं तर म्हणाली, "आजी एवढीच साखर घालायची." मग कपाकडं बघत बसली.

"बोल."

"काय न्हाई."

"पोरी, मी म्हातारा हाय, येडा न्हाई. बोल."

"आबा, अंडी फुटायला आलीत," ती म्हणाली. "दोन पिल्लं निघाली बी. पिल्लू वाळूत बसलं की दिसत न्हाई, पायाखाली येतं. आणि माणसं आली की पाखरं उठत्यात, पिंडाला कावळे येत्यात, भात संपला की तेच कावळे अंड्याला लागत्यात. पण दहावा आजीचा हाय. आमी कोण बोलणार? इरफान म्हणला, मयतीच्या कामात आपण पडू नये. मीबी न्हाई म्हणले होते. आले कशी माझं मलाच कळंना."

"आणि रस्ता?" मीच विचारलं.

तिनं मान खाली घातली. "रस्ता झाला तर दहावा एक दिवसाचा हाय, आबा. ट्रॅक्टर रोज येतील."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस गाळ आडवा होता म्हणून ट्रॅक्टर बेटावर जात नव्हता. आता माझ्या बायकोच्या पिंडाचं निमित्त करून मुरूम पडणार. दहावा होणार, लोक डोळे पुसणार, घरी जाणार. मुरूम तिथंच राहणार. अरे, मेल्या बाईच्या टाळूवरचं लोणी खायचं ते असं? आणि मी त्याचे मनातल्या मनात आभार मानत होतो!

सुतकात माणसानं पारावर जाऊ नये म्हणतात. मी गेलो. नाना होता, किसन होता, बारा गावची रिकामी मंडळी होती.

"नाना, दहावा बेटावर न्हाई करायचा," मी उभ्या उभ्याच म्हणालो. "अलीकडं करायचा. काठाला."

"काठाला? आबा, तिथं डबकी हायत. म्हशी लोळायल्यात."

"डबकी कुणी केली?"

कोणी खाकरलं. कोणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागलं. नाना हसला, शांत माणूस आहे तो. म्हणाला, "आबा, तुमी दुःखात हाव. रस्ता फक्त दहाव्यापुरता हाय. झालं की काढून टाकू."

"तू गंगेतून काढलेलं कधी परत टाकलंस का? मग टाकलेलं परत काढशील ह्यावर मी कसा इस्वास ठिवू?"

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. नानाचं हसू गेलं. त्याच्या जागी किसन बोलला. तो लाल झाला होता.

"दाजी, लोक काय म्हणतील? पाखरापायी बाईचा दहावा डबक्यावर केला म्हणतील! माझी बहीण हाय ती. त्या पोरांचं काय आयकताव, त्यांच्यात दहावा असतो का? त्यांना काय कळतंय?"

"किसन," मी म्हणालो, "तुझी बहीण गेली तेव्हा तुला यायला दुपार झाली. लांबचा हायस, तुझी चूक न्हाई. पण तवर लाकडं कुणी आणली? तिचे पाय कुणी धरले? त्यांच्यात काय असतं ते मला त्या दिवशी दिसलं. तुमच्यात काय असतं ते आज दिसायलंय."

"आणि वाहतं पाणी? त्याबिगर पिंड कसा होणार?"

"घागरीनं आणतो. माझे हात अजून शाबूत हायत."

गावात दोन दिवस माझाच विषय. म्हातारा येडा झाला. बायकोच्या मागं डोकं गेलं. एक बाई तर माझ्या तोंडावर म्हणाली की तिला गती मिळणार नाही. मी म्हणालो, "बाई, चाळीस-पन्नास सालं तिनं पहिलं फळ गंगेला दिलं, तिची गती तू ठरवू नको. तू तुझी बघ." गंगा आटत होती तेव्हा या बाईला धर्म आठवला नाही. घाट बुजला, वाळवंट गेलं, झिरे गेले, तेव्हा कुणाची श्रद्धा दुखली नाही. दोन पिल्लांसाठी जागा सोडा म्हटलं की लगेच सगळ्यांचा देव दुखायला लागला.

दहाव्याला मी पहाटेच घागर घेऊन निघालो. खड्ड्यांच्या कडेकडेनं, गाळातून, धारेपर्यंत. धार तेवढी जिवंत होती. गार. घागर भरताना तोच आवाज, आधी गुडगुड, मग चढत चढत बारीक. ती घागर भरायची तेव्हा आवाजावरून मला कळायचं की आता उचलायला जायचं. कमरेवर घागर घेऊन परत येताना दोनदा पाय घसरला. किसन काठावरून बघत होता. तिसऱ्यांदा तो खाली उतरला आणि घागर माझ्या कमरेवरून घेतली. त्याच्या पायजम्याला मांडीपर्यंत चिखल.

गुरुजींनी नाक मुरडलं नाही. उलट त्यांना बरंच वाटलं असावं, चिखलातून पलीकडं जायचं वाचलं. म्हणाले, "पाणी गंगेचं, वाळू गंगेची, भाव तुमचा. बसा." न्हाव्यानं डोकं भादरलं. पिंड मांडले. भाताचा, तिळाचा, तुपाचा वास, आणि त्यात जलपर्णीचा कुजका वास. म्हशी लांब उभ्या राहून रवंथ करत बघत होत्या. पिंड ठेवून आम्ही सगळे मागं सरलो आणि उभे राहिलो.

कावळा शिवणार का, सगळ्यांच्या डोळ्यांत तेच. नानाही आला होता. सगळ्यात मागं, हाताची घडी घालून. कावळा शिवला नसता तर गावानं वर्षभर मला खाल्लं असतं, आणि दुसऱ्या दिवशी मुरूम पडला असता. "बघा, बेटावर केलं न्हाई म्हणून अडलं" एवढंच म्हणायचं बाकी होतं. तेव्हा त्या भाताच्या गोळ्यावर नुसता तिचा जीव अडकलेला नव्हता.

पलीकडं बेटावर लेकरं दिसत होती. बारीक बारीक. त्यांच्या डोक्यावर कावळे घिरट्या घालत होते, रोजच्यासारखे, अंड्यांवर डोळा ठेवून. प्रतीक्षा ओढणी फिरवत वाळूवरून चालत होती, इरफान दुसऱ्या अंगानं. कावळे उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. शेवटी वैतागले असावेत. एक निघाला, त्याच्या मागं दुसरा, तिसरा. धारेवरून, खड्ड्यांवरून, सरळ आमच्याकडं. उतरले आणि एकदम पिंडाला लागले. वाट बघायला लावलीच नाही.

"शिवला! शिवला!" बाया रडायला लागल्या. किसननं डोळे मिटून हात जोडले. "सोनाआक्का सुखी झाली, दाजी. कसली इच्छा राहिली नव्हती तिची."

माझ्या जिभेवर आलं होतं, की अरे बाबा, ते तृप्तीनं आलेले नाहीत, तिकडून हाकललेले आहेत. पण तिचा भाऊ होता तो. पायजम्यावर चिखल वाळलेला, गालावरून पाणी चाललेलं. मागं वळून बघितलं तर नाना गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव्हणे झोपलेले असतानाच मी निघालो. गाळ तुडवला, धार ओलांडली, बेटावर चढलो. लेकरं ताडपत्रीखाली बसली होती. मला बघून सरकली, जागा झाली. पहिला कावळा आला तसा मी उठलो आणि दहा दिवस माणसांसाठी राखून ठेवलेल्या शिव्या त्याला द्यायला लागलो. आईच्या, बापाच्या, ज्या जन्मात कोणाला दिल्या नव्हत्या त्याही. आवाज फाटला, तोंडाला फेस आला, तरी थांबेना.

"आबा," प्रतीक्षा खालच्या आवाजात म्हणाली. तिनं माझा हात धरला होता. "वरडू नका. पाखरू भिऊन अंड्यावरून उठलं की उन्हात अंडं शिजतं."

मी तोंड मिटलं. डोक्याचा रुमाल सोडला. नव्यानं भादरलेल्या टाळूला ऊन चटकत होतं. कावळा लांब गेला, वळून परत आला. मी रुमाल हलवत उभा राहिलो, आवाज न करता.